खरड छाटणीचे दिवस

“बदला त्याला! सर, खाली बसवा त्याला!”

रविवारी सकाळी तासाभरात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की घरी येऊन जेवायला बसलो तरी कानातून जाईना. ज्याला खाली बसवायचं होतं तो पोरगा एकोणीस वर्षांचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य चढाईपटू म्हणून त्याचा हा जेमतेम तिसरा सामना. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या डोक्यावर आधीच पुरेसं ओझं आहे, त्यात माझी भर नको.

सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी रविवारची फेरी माहीत आहे. हडपसरच्या गाडीतळापासून निघायचं, कालव्याच्या कडेनं चालत जायचं आणि वाटेत कुठं ‘कबड्डी कबड्डी’ कानावर आलं की पाय तिकडे वळवायचे. या रविवारी आंतरमहाविद्यालयीन सामने होते. मंडप नव्हता, खुर्च्या मोजक्याच, मॅट मात्र नवी कोरी. दोन्ही बाजूंना दोनेकशे माणसं उभी होती आणि ऑक्टोबरचं ऊन दहा वाजताच चटके देत होतं.

पोराची पहिली चढाई रिकामी गेली. दुसरीत तो बोनससाठी आत घुसला, पुढचा पाय रेषेपलीकडे पडलाही, पण मागचा पाय मॅटवरच टेकलेला राहिला. पंचांनी गुण दिला नाही. तिसरी चढाई ‘करा किंवा मरा’ची. तीस सेकंद सरत आली तसा तो उजवीकडून वळला, आणि डाव्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला. पालथा पडून त्यानं मध्यरेषेकडे हात लांबवला. रेषा वीतभर पुढे राहिली. तो उठला तेव्हा कोपराला मॅटचा लालभडक चट्टा उठला होता. आणि तिथून ओरडा सुरू झाला.

सगळ्यात मोठा आवाज माझ्या मागे उभ्या असलेल्या तरुणाचा होता. त्याच्या अंगात पुणेरी पलटणचा केशरी शर्ट होता. पोरगा चढाईला निघाला की हा मोबाइल वर धरायचा, आणि पकड झाली की, “बघा, आला रिकामा. बसवा त्याला!” आजूबाजूचे पाच-सात जण त्याची री ओढायचे. संघाच्या सरांनी मात्र पोराला काढलं नाही. सामनाभर तोच चढाई करत राहिला. संघ पाच गुणांनी हरला. पोराचे गुण तीन.

माझ्या डाव्या हाताला खाकी शर्टातले एक रिक्षावाले गृहस्थ उभे होते. छातीवर बिल्ला, हातात पाण्याची बाटली. सामनाभर त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. उजव्या हाताचा अंगठा तेवढा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, माळ ओढावी तसा. सामना संपल्यावर पोरगा मान खाली घालून आला आणि त्यांच्याच हातातली बाटली घेऊन घटाघटा पाणी प्यायला. मागचा ओरडा एकदम थांबला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तासभर त्यांच्या शेजारी उभा राहून त्या ओरडणाऱ्यांना मी एकदाही गप्प बसा म्हणालो नव्हतो.

पोरगा बॅग आणायला गेल्यावर मी त्यांना विचारलं, “तुम्ही बोटांवर काय मोजत होता?”

“चढाया, काका. चौदा केल्या. आठ वेळा पाय बोनस रेषेपर्यंत गेला. गेल्या सामन्यात तीनदाच गेला होता.” मग जरा थांबून म्हणाले, “आधी तो अलीकडची ‘निदान रेषा’ ओलांडून लगेच माघारी यायचा. आता आत जायची भीती मोडलीय. गुण येतील मागून.”

तिथल्या दोनेकशे माणसांत खेळ बघणारा तो एकच माणूस होता, आम्ही बाकीचे गुणफलक बघत होतो. पुढे संघाच्या सरांशी बोललो तेव्हा आणखी कळलं. पोरगा गावाकडच्या मातीत शिकलेला. मातीवर पाय सरकतो, मॅटवर बूट धरून ठेवतो. मातीवर तो घसरत वळायचा, इथे त्याला पाऊल उचलून वळावं लागतं. वर्षानुवर्षं पायांना लागलेली सवय मोडून दुसरी लावायची म्हणजे काही महिने आधीचंही जमत नाही आणि नवंही बसत नाही. सर म्हणाले, “हे महिने त्यानं बाकावर बसून काढले तर वळण कधीच सुधारणार नाही. पकडी खाऊनच ते सुधारतं.”

त्या केशरी शर्टाबद्दल मला मनापासून वाईट वाटलं, कारण त्या शर्टाचीच गोष्ट त्या तरुणाला ठाऊक नसावी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पुणेरी पलटण आठ संघांत आठवी आली. पुढच्या हंगामातही आठवी. पहिलं विजेतेपद मिळालं ते दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून. तेव्हाचा कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातल्या टाकळीभानचा. आदल्या हंगामात, डिसेंबर २०२२ मध्ये, पलटण अंतिम फेरीत पोचली होती, पण अस्लम आणि मोहित गोयत हे दोघे तरुण चढाईपटू दुखापतीमुळे बाहेर बसले होते आणि जयपूरनं ३३-२९ असा सामना घेतला. संघानं त्या पोरांना सोडलं नाही. त्याचं फळ पुढच्या हंगामात आलं.

क्रिकेटमधलं उदाहरण तर आपल्या पुण्याचंच आहे, जुन्या सांगवीच्या ऋतुराज गायकवाडचं. २०२० चं आयपीएल अमिरातीत झालं. स्पर्धेआधी त्याला करोना झाला, तो संघापासून वेगळा राहिला. चेन्नईकडून पहिल्या सामन्यात पहिल्याच चेंडूवर यष्टिचीत, शून्य. मग पाच. मग पुन्हा शून्य. या तीन आकड्यांवर लोकांनी त्याचा निकाल लावून टाकला होता. आमच्या इथल्या चहाच्या टपरीवर ‘हा इथलाच, तिथं नाही टिकायचा’ हे वाक्य मी या कानांनी ऐकलंय. त्यानंतर लागोपाठ तीन सामन्यांत त्यानं नाबाद ६५, ७२ आणि नाबाद ६२ धावा केल्या, तिन्ही वेळा सामनावीर ठरला. पुढच्या वर्षी ६३५ धावांसह ऑरेंज कॅप त्याच्या डोक्यावर होती आणि चषक चेन्नईच्या हातात.

पण मला यातली एक गोष्ट टोचते. ते तीन सामने त्याला मिळाले तेव्हा चेन्नईची त्या वर्षाची आशा जवळपास संपली होती. गमावण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा पोराला सलग खेळवलं गेलं. संघ शर्यतीत असता तर चौथी संधी मिळाली असती का? आपला धीर हा असा उरलासुरला असतो. सगळं हातचं गेल्यावर आपण म्हणतो, बरं, आता खेळवा पोरांना.

माझा पुतण्या अमेरिकेत कोलंबसला असतो. त्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, “काका, इथंही हेच.” तिकडे कॉलेजांचा अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक चाल सुरू होते तो गडी. आपल्या मुख्य चढाईपटूसारखा, सगळ्या नजरा त्याच्यावर. टेक्सास विद्यापीठाचा आर्च मॅनिंग हा असाच पोरगा. आजोबा आर्ची नावाजलेले खेळाडू, पेटन आणि इली या दोन्ही काकांनी प्रत्येकी दोनदा सुपर बोल जिंकलेला. आर्च दोन वर्षं दुसऱ्याच्या मागे राहून शिकला. ३० ऑगस्ट २०२५ ला मुख्य खेळाडू म्हणून नव्या हंगामाचा पहिला सामना खेळायला तो कोलंबसलाच उतरला. टेक्सास तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होतं आणि ते १४-७ असं हरलं. दुसऱ्या दिवसापासून पोराची चिरफाड सुरू. हंगाम संपेपर्यंत त्याच संघानं दहा सामने जिंकले, तीन गमावले. तो पहिला सामना तेवढा लोकांच्या लक्षात राहिला.

पुतण्यानं त्यांच्या एका नियमाबद्दल सांगितलं, तो मला फार आवडला. कॉलेजच्या खेळाडूला चार हंगाम खेळता येत होतं, पण त्यासाठी पाच वर्षं मिळत होती. एक वर्ष नुसता सराव करायचा, संघाबरोबर राहायचं, अंग कमवायचं, चुका करायच्या, आणि ते वर्ष हिशेबात धरायचं नाही. त्याला ते ‘रेडशर्ट’ म्हणतात. शिकण्यासाठी वेळ लागतो हे तिथं नियमातच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे बारावी होऊन पोरगा कॉलेजात येतो, पहिलं वर्ष वसतिगृह, मेस आणि फी यांत जातं, दुसऱ्या वर्षी मॅटवर उतरतो आणि तिसऱ्या सामन्याला लोक म्हणतात, बदला त्याला.

हे लिहिताना मला आमचे मांजरीचे मामा आठवतात. मामांची द्राक्षाची बाग. आजूबाजूला इमारती उठल्या तरी त्यांनी एकरभर अजून राखलीय. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीतच आहे, द्राक्ष बागायतदार संघाचा राबता तिथलाच, त्यामुळे आमच्या घरात मुलं बाराखडीच्या आधी छाटणी शिकायची. ज्यांनी द्राक्षबाग जवळून पाहिली नाही, त्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि पीक येतं एकदाच.

ऑक्टोबरमधली ती फळछाटणी. ती झाली की वेल फुटते, घड बाहेर पडतात, लोकांना बाग ‘दिसायला’ लागते. पण त्याआधी एप्रिलमध्ये, ऐन उन्हाळ्यात, खरड छाटणी झालेली असते. वेल पार बोडकी करतात. नुसते ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड फांद्या, उरतात. लहानपणी ते पाहून मी रडलो होतो, मला वाटलं मामांनी बाग तोडली. त्या छाटणीनंतर जी फूट येते तिला द्राक्ष लागत नाहीत. मामा पाणी देतात, खत देतात, विरळणी करतात, शेंडा मारतात, औषधं फवारतात, आणि सहा महिने हाती एक मणी लागत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, हा माणूस पानांची शेती करतोय.

खरं काम त्याच दिवसांत होत असतं. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या डोळ्याच्या आत घड तयार होतो. अगदी सूक्ष्म, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. मे-जूनमध्ये तो आत ठरतो आणि आपल्याला ऑक्टोबरनंतर दिसतो. त्या चाळीस-साठ दिवसांत ऊन नीट मिळालं पाहिजे. आभाळ सतत भरलेलं राहिलं, काडीवर प्रकाश पडला नाही, तर डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे वेलीचा नुसता आधारतंतू, तयार होते आणि मग ऑक्टोबरात कितीही खत ओता, घड निघत नाही.

रविवारच्या त्या पोराचे हे दिवस खरड छाटणीचे आहेत. गुण दिसत नाहीत, पण आत काहीतरी ठरतंय: वळण, पाय उचलायची वेळ, आत जायची हिंमत. आणि आम्ही नेमके याच दिवसांत त्याच्यावर आभाळ धरतो. घरी गेल्यावर मोबाइलवर स्वतःचीच पकड बघायची, खाली लोकांनी लिहिलेलं वाचायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला उभं राहायचं. एकोणिसाव्या वर्षी हे किती जणांना झेपतं?

घाईची दुसरी तऱ्हाही मामांनीच शिकवली. आंबा कच्चा उतरवला तरी आढीत पिकतो. द्राक्ष पिकत नाही. साखर भरण्याआधी घड तोडला तर तो आंबटच राहतो, ठेवा कितीही दिवस. कौतुकाची घाई अशीच असते. पृथ्वी शॉनं २०१३ मध्ये चौदाव्या वर्षी हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा केल्या आणि त्याच दिवसापासून आपण त्याला थोर करून टाकलं. २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत त्यानं १३४ केल्या, तेव्हा तो अठराच वर्षांचा होता. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात त्याच्यावर कुणी बोली लावली नाही. पुढच्या वर्षी तो महाराष्ट्राकडून खेळायला आला आणि रणजीत चंडीगडविरुद्ध २२२ धावा काढल्या, तेव्हा मला झालेला आनंद स्वतःच्या पोराच्या निकालासारखा होता. चौदाव्या वर्षी हार घालायची आणि पंचविसाव्या वर्षी संपला म्हणायची, दोन्ही घाई आपल्याच होत्या.

हडपसरला तरी हे वेगळं सांगावं लागू नये. आमच्या आधीच्या पिढ्या आडसाली ऊस लावून दीड दीड वर्ष थांबत. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकर जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकून पैसे घेतले नाहीत. ती एकत्र ठेवली, वर्षानुवर्षं परवानग्यांची वाट पाहिली आणि स्वतःची नगरी उभी केली. ज्या गावानं जमिनीच्या बाबतीत एवढी कळ काढली, त्या गावच्या मैदानावर एका पोराला तीन सामन्यांची कळ मिळू नये?

बुधवारी मी मांजरीला गेलो होतो. फळछाटणी तोंडावर आली होती, म्हणून मामा काड्यांचे नमुने घेऊन डोळे तपासायला निघाले होते, मलाही बरोबर नेलं. बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून कापलेल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या, प्रत्येक जुडीला ओळीच्या नंबराची चिठ्ठी. तपासणाऱ्या मुलीनं ब्लेडनं एकेक डोळा उभा चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि न बोलता वहीत खूण करत गेली. एक काडी संपायला पाचेक मिनिटं. मामा सत्तरीचे, पण परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखे टेबलाशी उभे.

मी विचारलं, “मामा, एवढं कशाला? अंदाजानं छाटली तर?”

“अरे, घड कोणत्या डोळ्यावर बसलाय ते वरून दिसत नाही. कुणाचा पाचव्यावर असतो, कुणाचा सातव्यावर. न बघता कात्री चालवली की घडच कापून टाकतो आपण. आणि मग वर्षभर म्हणत बसतो, वेल वांझ आहे.”

मुलीनं मान वर केली. “काका, या ओळीला सातव्या डोळ्यावर आहे. चांगला आहे.”

मामांनी मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. हिरवट पांढऱ्या पापुद्र्यांच्या मधोमध एक छोटीशी फुगीर गाठ होती, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, इतकी लहान की श्वास रोखून पाहावी लागली. जूनपासून ती तिथं होती. मामांनी खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठीच्या मागे लिहिलं: ‘आठवा राखून कापणे. सातव्याला हात लावू नये.’ चिठ्ठी घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि म्हणाले, “चल, गडी वाट बघत असतील.”